खवल्यांची दिशा

मास्तरांना ग्राइंडरचा आवाज सहन होत नसे. स्वतःचं वेल्डिंगचं वर्कशॉप आणि ग्राइंडरला नावं ठेवायची, म्हणजे न्हाव्याने कात्रीशी अबोला धरण्यातला प्रकार. पण मास्तरांचं व्याख्यान ठरलेलं होतं आणि ते ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नसे, मग ते गेट करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असो की पत्ता विचारायला थांबलेला वाटसरू.

"ग्राइंडर म्हणजे काय, सांगतो," ते म्हणत. "वेल्डरने तोंड लपवायला धरलेलं फडकं. जोड जमला असेल तर घासायचा कशाला? आणि जमला नसेल, तर घासून तो जमणार आहे का?"

असं बोलायला तोंड लागतं, आणि मास्तरांना ते होतं, कारण हातही तसाच होता. स्टीलचे दोन पाइप त्यांनी जोडले की जोडावर बारीक, एकसारखी, एकमेकांवर रेललेली वळणं उठत, माशाच्या अंगावर खवले असतात तशी. सगळीकडे त्यांना 'मास्तरांचे खवले' असंच म्हणत. दुसऱ्या वर्कशॉपमधले वेल्डर काहीतरी निमित्त काढून यायचे आणि जाता जाता एखाद्या जोडावरून अंगठा फिरवून जायचे. मास्तर पाहून न पाहिल्यासारखं करत आणि मग दिवसभर खुशीत असत.

हे सगळं खरं होतं. फक्त गेली दोन वर्षं ते खवले मास्तरांचे नव्हते.

डोळ्यांनी दगा दिला होता, आणि तोही मोठा वाकडा. मास्तरांना रस्ता दिसे, माणसं दिसत, भिंतीवरचं घड्याळ दिसे. पण ज्याच्याकडे रोखून बघावं, नेमकं तेच मधोमध पुसलं जाई. घड्याळाची चौकट दिसे, काटे दिसत नसत. समोरच्या माणसाचे कान दिसत आणि नाक गायब. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत मधोमध डाग पडलाय, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. दुसऱ्या कोणाचं एवढ्याने फारसं अडलं नसतं. पण वेल्डरचं सगळं जग म्हणजे काचेपलीकडे चमकणारा, वाटाण्याएवढा वितळलेल्या धातूचा रस. तो पसरला की पुढे सरकायचं, तो थरथरला की हात आवरायचा. मास्तर त्याच्याकडे बघायचे आणि तो तिथे नसायचा.

ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती: डॉक्टरांना, मास्तरांना आणि मास्तरांच्या सुनेला. मुलगा ट्रकवर असे, महिनामहिना रस्त्यावर. त्याला वडिलांचे डोळे काय, घराचा नवा रंगसुद्धा उशिरा कळला होता.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वेल्डिंगचा टॉर्च कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. दुपारचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायची, डबा रिकामा होईपर्यंत थांबायची आणि थांबता थांबता मास्क लावून बघत बसायची. बघता बघता हातात जोडात वितळवायची सळई आली, मग टॉर्च आला. तिला मास्तरांनीच शिकवलं आणि मन लावून शिकवलं, हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. कुरबुर व्हायची ती एकाच गोष्टीवरून. ती डावखुरी होती. टॉर्च डाव्या हातात, सळई उजव्या.

"तुझं सगळंच उलटं," मास्तर म्हणायचे. "चारचौघं वेल्डर उजवीकडून निघून डावीकडे जातात. तू डावीकडून उजवीकडे. बघ, खवले बघ. माझ्या खवल्यांची तोंडं डावीकडे, तुझ्या खवल्यांची उजवीकडे."

"पोहोचतात ना बाबा, नीट?" ती म्हणायची.

पोहोचायचे. मास्तर अंगठा फिरवायचे आणि त्यांना म्हणायला काही सापडायचं नाही. मग "ठीक आहे" म्हणायचे. "ठीक आहे" ही मास्तरांच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी होती आणि सुनेने ती ओळखायला फार दिवस घेतले नाहीत.

डोळ्यांचं कळलं त्या सुमाराला एका जिन्याच्या कठड्याचं काम होतं. घाईचं होतं, तिने पुरं केलं. गिऱ्हाईक आलं, कठड्यावरून हात फिरवत वर गेलं, हात फिरवत खाली आलं आणि म्हणालं, "वा, मास्तर! मानलं!" मास्तर गप्प राहिले. पहिल्या वेळी ते गप्प राहणं जड गेलं. दुसऱ्या वेळी जरा कमी. पुढे पुढे तर "वा, मास्तर" ऐकलं की मान आपोआप डोलायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसलीच गत. फरक एवढाच की हे बीळ खोदायला नागोबानेच शिकवलं होतं.

लाज वाटत नव्हती असं नाही. जेवायला बसलं की वाढणाऱ्या हाताच्या मनगटावरचे ठिणग्यांचे ठिपके त्यांना डोळ्याच्या कडेने दिसत, आणि घास तोंडात फिरत राही. आपल्या मनगटावरचे जुने ठिपके मात्र आता पुसट होत चाललेत, हेही कळे. पण लाजेचं असं आहे, रोज थोडी थोडी घेतली की तीही पचते.

शिवाय रीत मदतीला होती. वेल्डिंगच्या उजेडाने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून काळा पडदा लावतात. पडद्याआड दोघं जात, दोघांच्या तोंडावर मास्क. बाहेरच्यांना फक्त निळा लखलखाट दिसे. काम झालं की आधी मास्तर बाहेर येत, मास्क डोक्यावर सारत आणि कपाळ पुसत. कपाळाला घाम खरोखरच असे. चोरालाही तो येतोच.

दुधाच्या डेअरीचं मोठं काम आलं तेव्हा सुनेने एकदा विषय काढला. डेअरीत नवीन पाइपलाइन टाकायची होती. मास्तरांच्या जुन्या नावावर त्यांना काम मिळालंच होतं, पण इतर वेल्डरांची डेअरी परीक्षा घेणार होती. जो पास होईल त्याला स्वतःची खूण मिळायची आणि प्रत्येक जोडाशेजारी ज्याने तो केला त्याने आपली खूण लिहायची.

"बाबा, मी देऊ का परीक्षा?" ती म्हणाली. भांडी विसळता विसळता म्हणाली, म्हणजे नाही म्हटलं तरी फार लागलं नाही असं दाखवता यावं.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझं नाव पुढे केलं की लोक विचारणार, मग म्हातारा काय करतो? वर्कशॉप माझ्या नावावर चालतंय, चालू दे."

तिने नळ मोठा केला. पुन्हा विषय काढला नाही. डेअरीच्या पाइपांवर प्रत्येक जोडाशेजारी 'म' अशी खूण पडत गेली, आणि मास्तरांना नेमकी जागा दिसत नसल्यामुळे ती खूण लिहायचीही तीच.

दुधाचं काम नाजूक असतं. जोड बाहेरून कितीही देखणा असला तरी दूध आतून जातं. आत जरा खरखरीत राहिलं की दूध तिथे धरतं आणि नासतं. म्हणून जोड करताना पाइपच्या पोटातही न पेटणारा गॅस सोडतात आणि आतली हवा हाकलून देतात. नाहीतर तापलेलं स्टील आतून जळतं आणि दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडाला धरावी तशी काळी खरपुडी धरतं. आत गॅस पोहोचला की नाही, हे सिलिंडरवरच्या काट्यावरून कळतं. जुन्या लोकांची आणखी एक युक्ती आहे: पाइपच्या वरच्या टोकापाशी पेटती काडी धरायची. गॅस भरून बाहेर यायला लागला की काडी विझते.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सून डबा घेऊन पलीकडच्या इमारतीत गेली होती. मास्तर पडद्याजवळच्या खोक्यावर टेकले होते. पडद्याच्या दुसऱ्या अंगाला पाइप बसवणारा फिटर आणि त्याचा जोडीदार जेवत होते.

"म्हातारा आत करतो तरी काय रे?" फिटर म्हणाला. "काजळी बघावी तर सुनेच्या हातांना. याचे हात बघ, लग्नाला निघाल्यासारखे."

"पंखा धरत असेल," जोडीदार म्हणाला, आणि दोघं घास तोंडात असतानाच हसले.

शहाणा माणूस उठून लांब जाऊन बसला असता. मास्तर उठले आणि पडद्याच्या आत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

आत एक उभा पाइप तयार होता. तोंडाला तोंड लावून, चार टाके मारून सुनेने ठेवलेला. करायचा होता तो फक्त गोल आडवा जोड. आतल्या गॅसची चावी ती जाताना बंद करून गेली होती. मास्तरांनी चावी चाचपली, फिरवली, आणि काट्याकडे पाहिलं. तबकडीची गोल कड दिसली, काटा पुसलेला. एक हाक मारायची होती. फिटरला विचारलं असतं, "अरे, काटा किती वर आहे बघ", तरी भागलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मास्तरांनी खिशातली काडेपेटी काढली, काडी ओढून पाइपच्या तोंडाशी धरली. काडी विझली. ते खूश झाले.

काडी विझवली होती छताजवळच्या मोठ्या पंख्याने. चावी त्यांनी घट्ट बंद होती ती आणखी घट्ट केली होती.

मग त्यांनी मास्क खाली घेतला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा एक अख्खा जोड स्वतःच्या हाताने केला. रस दिसत नव्हता, पण कानाला आवाज कळत होता, आणि चाळीस वर्षांची सवय बोटांत होती. पाइपभोवती सरकताना गुडघे कुरकुरले. सळई एक-दोनदा भलतीकडे टेकली. तरी हात चालत राहिला आणि छातीत काहीतरी मोकळं होत गेलं. जोड थंड झाल्यावर त्यांनी अंगठा फिरवला. खवले होते. थोडे आडवेतिडवे, एका ठिकाणी फुगलेले, पण होते. मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. अंदाजाने त्यांनी शेजारी 'म' लिहिला. तो वेडावाकडा आला, पण त्या सबंध डेअरीत खरा 'म' तेवढा एकच होता.

सून परत आली आणि जोडापुढे उभी राहिली.

"हा कोणी केला, बाबा?"

"कोणी म्हणजे? मी."

ती वाकली. बराच वेळ वाकून बघत राहिली. "आत गॅस सोडला होता ना?"

"काडी विझली. आता तू मला शिकवणार?"

"चावी बंद आहे, बाबा."

"मीच केली नंतर," मास्तर म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर मात्र ते त्याला चिकटून बसले.

"कापूया आपण हा. लगेच होईल दुसरा. कोणाला कळणारही नाही."

"मास्तरांचा जोड कापायचा?" त्यांचा आवाज चढला. पडद्यापलीकडचं जेवण थांबलं. "त्याला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

तिने हात लावला नाही.

काम संपत आलं तेव्हा डेअरीने तपासनीस बोलावला. तो मास्तरांचा जुना सोबती निघाला. दोघं तरुणपणी एकाच उस्तादाकडे शिकले होते. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग घालून फिरायची त्याला तेव्हापासून खोड, म्हणून त्याचं नावच भिंग पडलं होतं. भिंग फार बोलत नसे. त्याने पाइपच्या पोटात बारीक कॅमेरा घालून सगळी लाइन पाहिली आणि दुपारी निरोप आला: मास्तर, ऑफिसात या.

ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर अग्निशामक नळकांडं. टेबलावर कापून आणलेले पाइपचे दोन तुकडे होते. दोन्हींवर दूध वर जाण्याच्या दिशेचा बाण रंगवलेला. एका बाजूला डेअरीचे साहेब, दुसऱ्या बाजूला भिंग. मास्तरांना खुर्ची दिली. सून दारातच थांबली, मास्क काखेत धरून. फिटर पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि काही मिळतंय का ऐकायला, म्हणून रेंगाळला.

"मास्तर, हा तुकडा आतून बघा," साहेब म्हणाले.

मास्तरांनी तो हातात घेतला. बघायची गरजच नव्हती. अंगठा आत घातला आणि तो करकरला. काळी खरपुडी बोटाला लागली. ती वळलेली चावी, ती विझलेली काडी, "कापूया आपण" म्हणणारी सून, सगळं एकदम समोर आलं, आणि ते मधोमध पुसलं जात नव्हतं.

"मला तर खरंच वाटत नाही," साहेब म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना मास्तरांचा मान राखायचा होता. "तुमच्या हातून असं? हा दुसरा तुकडा बघा, तपासायला सहज म्हणून कापला, आतून-बाहेरून आरसा आहे. आणि हा असा. खूण तर 'म'च आहे, पण तुमचाच आहे का हा जोड, मास्तर?"

दार उघडं सापडलं की पळणारा माणूस कुठे पळतोय ते बघत नाही.

"नाही," मास्तर म्हणाले. "माझा हात नाही हा. सुनेला मधूनमधून सराव म्हणून करू देतो. तिचा असेल."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. दोन वर्षांचे सगळे देखणे जोड त्यांचे झाले होते. एकच करपलेला निघाला, तो त्यांनी सुनेच्या पदरात घातला.

मास्तरांना वाटलं, ती बोलेल. तिने बोलावं, आरडाओरडा करावा, असंही क्षणभर वाटलं. तिने काखेतला मास्क फक्त दुसऱ्या काखेत घेतला.

साहेबांनी तिच्या गप्प बसण्याचा व्हायचा तोच अर्थ केला. "बाई, सराव घरी करायचा असतो," ते म्हणाले. "हे दूध लहान मुलं पितात. उद्यापासून तुम्ही पडद्याच्या आत जायचं नाही. मास्तर, उरलेलं काम तुम्ही एकट्याने करा."

मास्तरांनी मान हलवली. ती हलवताना त्यांना कळलं की आपण काय कबूल करतोय. उद्या पडद्याआड ते, टॉर्च आणि समोरचा पुसलेला ठिपका. पण त्याहून वाईट ते नव्हतं. दारातली मुलगी डोळ्याच्या कडेने त्यांना स्पष्ट दिसत होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या त्या करपलेल्या तुकड्याकडे बघत होती.

भिंगाने तोवर दोन्ही तुकडे बाण वर करून शेजारी शेजारी उभे केले होते. गळ्यातलं भिंग लावून तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मग त्याने खिशातला मोजायचा टेप काढला. "बाई, धरा," म्हणाला आणि दाराकडे फेकला. सुनेने तो झेलला. डाव्या हाताने झेलला.

"असं," भिंग म्हणाला, आणि टेप परत मागितलासुद्धा नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. मास्तर, इकडे कर हात." भिंगाने आधी चांगला तुकडा त्यांच्या हातात दिला. "उस्ताद काय म्हणायचे? डोळा फसतो, अंगठा फसत नाही. फिरव अंगठा. खवल्यांची तोंडं कुठे?"

मास्तरांनी अंगठा फिरवला. "उजवीकडे," ते म्हणाले.

"आता हा."

करपलेल्या तुकड्यावरचे खवले त्यांना पाठ होते. ते केल्यावर आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं होतं. "डावीकडे."

"मला जे दिसायचं ते दिसलं," भिंग म्हणाला. "पण माझ्या तोंडून निघालं तर ती तक्रार होईल. तुझ्या तोंडून निघू दे."

साहेब एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना वाटलं, पण डेअरीची जमीन पक्क्या काँक्रीटची होती.

"हा माझा," ते म्हणाले.

"आणि हा चांगला?" साहेब म्हणाले.

"तिचा."

"आणि लाइनवरचे बाकीचे?"

"सगळे तिचे. ती डावखुरी आहे. माझा हा एवढा एकच." मास्तरांनी खरपुडीचा तुकडा दोन्ही हातांनी धरला होता. "मला दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. समोर धरलेलं दिसत नाही."

फिटरच्या ट्रेमधला ग्लास कलंडला. पाणी टेबलावरून वाहत साहेबांच्या बाजूला गेलं, पण कोणी पुसायला उठलं नाही. शेवटी भिंगच म्हणाला, "उद्या सकाळी बाईंची परीक्षा घेतो. माझ्यासमोर. लाइन मी पाहिली आहे, एक सोडून कुठे बोट ठेवायला जागा नाही."

घरी जाताना दोघं रोजच्या रस्त्यानेच चालली. रोज मास्तर एक पाऊल पुढे असत. आज ते मागे राहिले, आणि तिने थांबून त्यांना बरोबर घेतलं नाही. फाटकापासून वळणापर्यंत त्यांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. वळणावर ते म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्या कामावर मी नाव लावून..."

"त्याचं नाही हो, बाबा," ती म्हणाली.

ती चालायची थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"वर्कशॉप तुमचं, शिकवलं तुम्ही. नाव तुमचं लागलं. कधी वाटायचं वाईट, नाही असं नाही, पण मी म्हणायचे, जाऊ दे, जोड तर आपल्याला माहीत आहेत ना." तिने मास्क एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पण तसला जोड माझा म्हणालात. आतून कोळसा झालेला, फुगलेला. माझा म्हणून टेबलावर ठेवलात, सगळ्यांसमोर. मी असा जोड कधी केला होता, बाबा? शिकत होते तेव्हा तरी?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं, कारण एखादा तरी सापडला असता तर त्यांना हवा होता.

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

अख्खं आयुष्य खवल्यांवर काढलेल्या माणसाला हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या जोडाला उभ्या जन्मात असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नसतं. तिने तरी पाहिलं. मग ती चालायला लागली. मास्तर मेल्याहून मेल्यासारखे होऊन तिच्या मागोमाग घरी आले. रात्री तिने रोजच्यासारखं ताट वाढलं, आणि ते त्यांना संपवावं लागलं.

सकाळी पडद्याआड तिघं होती: सून, भिंग आणि मास्तर. परीक्षेला मदतनीस चालतो, म्हणून ते आले होते. मदतनिसाचं काम पाइपची तोंडं आणि सळई फडक्याने स्वच्छ पुसून द्यायची. तेलाचं बोट लागलं तरी जोड बिघडतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे काम ती करायची आणि ते तपासायचे.

मास्तरांनी तोंडं पुसली. कडेकडेने, आतून, पुन्हा बाहेरून पुसली आणि तिच्याकडे दिली. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"पुन्हा पुसा, बाबा."

भिंग छताकडे बघायला लागला. मास्तरांनी फडकं उलटं करून पुन्हा पुसली. तिने पुन्हा अंगठा फिरवला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मग तिने टॉर्च डाव्या हातात घेतला. "आतला गॅस?"

"सोडलाय," मास्तर म्हणाले. सोडला होता. या खेपेला त्यांनी चावी फिरवून सिलिंडरला कान लावला होता, फुसफुस ऐकली होती, पंखा बंद करायला लावला होता आणि वर काडीसुद्धा लावून पाहिली होती. "नक्की सोडलाय."

तिने मान हलवली. मग टॉर्च खाली ठेवला, उठली, सिलिंडरपाशी गेली आणि वाकून काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. काटा जिथे हवा तिथेच होता. ती परत येऊन बसली आणि तिने मास्क खाली ओढला. मास्तर तिच्याकडे रोखून बघत नव्हते, त्यामुळे त्यांना ते सगळं नीट दिसलं.